मिटल्या पापण्यांवरचा उजेड

पनवेललगतच्या सुकापूरहून लोणावळा जेमतेम पन्नास किलोमीटर आहे. बोरघाट चढला की लागणाऱ्या या गावातल्या कैवल्यधाम आश्रमाची कीर्ती आसने, प्राणायाम आणि योगोपचारांमुळे सर्वदूर आहे. मेंदूच्या विद्युतलहरींच्या इतिहासातही या आश्रमाला जागा आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९५७ मध्ये अमेरिकेहून दोन शास्त्रज्ञ मेंदूच्या लहरी टिपणारे ईईजीचे यंत्र घेऊन भारतात आले आणि गावोगावच्या योगाभ्यासकांचे आलेख काढत हिंडले. त्यांच्या मुक्कामांपैकी एक लोणावळा होता. त्याआधी दोन वर्षे कलकत्त्यातील योग्यांवर असेच प्रयोग प्रसिद्ध झाले होते आणि १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधून आणखी एक निबंध बाहेर पडला. या सहा-सात वर्षांत एक फार जुना प्रश्न पहिल्यांदाच यंत्रापुढे मांडला गेला: ध्यानात गढलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झगझगीत उजेड टाकला, तर त्याच्या मेंदूला तो कळतो की नाही? आलेखांतून जे उत्तर आले त्याचा पुढे पुष्कळ गाजावाजा झाला. माझे म्हणणे असे आहे की आलेख खरे होते, प्रयोग करणारी माणसे प्रामाणिक होती, पण त्या आलेखांचा जो अर्थ लोकांत रूढ झाला तो चुकीचा होता. ती चूक समजण्यासाठी मेंदू उजेडाला, रंगाला आणि पाहण्याच्या धडपडीला विजेच्या रूपात कसा प्रतिसाद देतो, हे टप्प्याटप्प्याने कसे उलगडले ते पाहावे लागते.

प्राण्यांच्या मेंदूत वीज खेळते, हे पहिल्यांदा सांगितले ते लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन या डॉक्टरने, १८७५ मध्ये. ससे आणि माकडे यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर गॅल्व्हॅनोमीटरची टोके ठेवल्यावर काटा हलताना त्याला दिसला. एका डोळ्यावर प्रकाश टाकला की मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या ठरावीक भागातला प्रवाह बदलतो, हेही त्याने त्याच अहवालात नोंदवले. म्हणजे मेंदूच्या विजेचा शोध आणि तिच्यावरच्या उजेडाच्या परिणामाचा शोध एकाच वेळी लागला. केटनकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही. पुढे तो लिव्हरपूलचा लॉर्ड मेयर झाला. पंधरा वर्षांनी, १८९० मध्ये, पोलंडमधल्या क्राकोच्या अडोल्फ बेक या तरुण संशोधकाने मॅग्नेशियमची पट्टी पेटवून तिचा लखलखाट प्राण्यांच्या डोळ्यांवर पाडला आणि मेंदूच्या मागच्या भागात उठणारा प्रतिसाद टिपला. बेकचा निबंध छापून येताच व्हिएन्नाच्या फ्लायश्ल फॉन मार्क्सोव यांनी आपण १८८३ मध्येच हे पाहिले होते असा दावा केला आणि तेथील विज्ञान अकादमीत मोहोरबंद ठेवलेले पत्र उघडायला लावले. मग केटनने पत्र लिहून दोघांनाही १८७५ ची आठवण करून दिली. हा मानापमानाचा भाग सोडला तरी बेकच्या निबंधातली एक नोंद पुढच्या सगळ्या कथेचे बीज आहे. डोळ्यांवर उजेड पडला की मेंदूच्या एका जागी प्रतिसाद उमटतो आणि त्याच वेळी मेंदूत आपोआप चाललेली लयबद्ध हालचाल थांबते, असे त्याने लिहिले होते. या दोन वेगवेगळ्या घटना आहेत. त्या एकच समजल्या गेल्या, तेथेच पुढचा घोटाळा सुरू झाला.

माणसाच्या कवटीवरून हीच वीज टिपली जर्मनीतल्या येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी. त्यांची पहिली नोंद जुलै १९२४ ची. निबंध मात्र पाच वर्षांनी, १९२९ मध्ये, छापला. इतकी वर्षे ते स्वतःच्याच नोंदींबद्दल साशंक होते. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला सुमारे दहा वेळा वर-खाली होणारी एक सुबक लहर निघते. तिला त्यांनी अल्फा हे नाव दिले. माणसाने डोळे उघडले की ती विरते, मिटले की परत येते. बर्गर या शोधाकडे वळले ते एका विलक्षण कारणाने. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडून मरता मरता वाचले, आणि नेमक्या त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला अस्वस्थ वाटून तिने घरच्यांना त्यांची खुशाली विचारणारी तार करायला लावली. एका मनातून दुसऱ्या मनात काहीतरी जाते, अशी त्यांची खात्री पटली. त्या ‘मानसिक ऊर्जे’चा माग काढण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. ती ऊर्जा काही सापडली नाही, पण अल्फा लहर सापडली. हेतू एक आणि फळ दुसरे, असे विज्ञानात वारंवार घडते. भारतातील प्रयोगांचा विचार करतानाही ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

बर्गर यांची पहिली नोंद झाली त्याच १९२४ साली लोणावळ्यात जगन्नाथ गणेश गुणे यांनी कैवल्यधाम स्थापन केले. १८८३ मध्ये गुजरातेतल्या डभोई येथे एका मराठी कुटुंबात जन्मलेले गुणे संस्कृतचे व्युत्पन्न विद्यार्थी होते. बडोद्याला माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी शरीर घडवले, टिळकांच्या राजकारणाने ते भारावले, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात त्यांनी वर्षे घातली आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडून योग शिकले. स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखल्या गेलेल्या या माणसाने आश्रमासोबतच प्रयोगशाळा उभी केली आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. त्यांचे पहिले प्रयोग पोटाचे होते. उड्डियान आणि नौली करताना आतड्यात किती दाब असतो, हे त्यांनी दाबमापकाने मोजले, क्ष-किरणांनी तपासले आणि नौलीत मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात पोकळी तयार होते हे दाखवून दिले. तिला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. योगाची मोजदाद करणे म्हणजे त्याला खाली ओढणे, असे मानणारे त्या काळी थोडे नव्हते. कुवलयानंदांना ते पटले नाही. शरीराच्या अवस्थांविषयी योग काही विधाने करत असेल, तर शरीरावर ती तपासता आली पाहिजेत, ही त्यांची भूमिका. मला ती आजही संपूर्ण योग्य वाटते. राष्ट्राभिमान त्यांच्या प्रेरणेत होताच. पण प्रेरणा राष्ट्रीय असली म्हणून दाबमापकातला पारा जास्त चढत नाही.

बर्गर यांच्या दाव्यावर युरोपात फारसा विश्वास बसला नव्हता. तो बसला केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांच्यामुळे. १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या या शास्त्रज्ञाने ब्रायन मॅथ्यूज यांच्यासह १९३४ मध्ये स्वतःच्याच डोक्यावर इलेक्ट्रोड लावून अल्फा लहर भर सभेत दाखवली आणि तिचा कसून अभ्यास केला. मला हा अभ्यास सगळ्या कथेचा कणा वाटतो. डोळे उघडल्यावर अल्फा नाहीशी होते ती उजेडामुळे, असे कोणीही सहज म्हणेल. एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी ते तपासले. पूर्ण अंधाऱ्या खोलीत डोळे उघडून माणूस काहीतरी पाहण्याची धडपड करू लागला की अल्फा जाते. उजेडाचा तिथे थेंबही नसतो. उलट डोळ्यांसमोर सगळीकडे सारखा, आकार नसलेला, पाहण्याजोगे काहीच नसलेला उजेड ठेवला तर डोळे उघडे असूनही अल्फा परत येऊ शकते. मिटल्या डोळ्यांनी अवघड हिशेब करायला सांगितला तरी ती विरते. निष्कर्ष स्पष्ट होता. अल्फा जाणे ही उजेडाची पावती नाही, ती पाहण्याच्या आणि लक्ष देण्याच्या खटाटोपाची पावती आहे.

मग उजेडाची स्वतःची पावती कोणती? तीही त्याच निबंधात होती. डोळ्यांसमोर प्रकाश ठरावीक गतीने लुकलुकवला तर मेंदूची लहर त्या गतीशी जुळवून घेते. सेकंदाला आठपासून सुमारे पंचवीसपर्यंत ती उजेडाच्या मागोमाग धावते. १९४६ मध्ये ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी नव्याने उपलब्ध झालेला इलेक्ट्रॉनिक दिवा वापरून हे काम पुढे नेले. विशिष्ट गतीच्या लुकलुकाटाने काहींच्या मेंदूत अपस्माराच्या लहरी उसळतात, हेही त्यातून ध्यानात आले. आज कोणत्याही ईईजीत रुग्णाच्या डोळ्यांसमोर लुकलुकता दिवा धरतात तो यासाठीच. एकेका झोताला मिळणारा प्रतिसाद मात्र फार क्षीण असतो. अल्फा लहर चांगली दहा-वीस किंवा अधिक मायक्रोव्होल्टची असते. झोताचे उत्तर त्यातच मिसळलेले आणि बहुधा तिच्याहून लहान. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५० च्या आसपास त्यावर तोड काढली. तोच झोत शेकडो वेळा टाकायचा, प्रत्येक वेळचा आलेख झोताच्या क्षणाशी जुळवून एकावर एक रचायचा आणि सरासरी काढायची. जत्रेच्या गलक्यात ठरल्या अंतराने वाजणारी एक घंटा असावी आणि गलका दर वेळी वेगळा असल्याने बेरजेत विरावा, घंटा मात्र उरावी, तसे हे आहे. सरासरीत उरलेली ती छोटी लहर हे उजेडाला मेंदूने दिलेले थेट उत्तर. १९७२ मध्ये लंडनमध्ये हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी काळ्या-पांढऱ्या चौकटींची अदलाबदल करून हे उत्तर मोजले. चौकट बदलल्यावर साधारण १०० मिलिसेकंदांनी उमटणारी लहर दृष्टीच्या मज्जातंतूला सूज आल्यास उशिरा उमटते, हे त्यांनी दाखवले. आता ही तपासणी मोठ्या शहरांतल्या नेत्ररुग्णालयांत रोजची झाली आहे.

रंगाची गोष्ट याहून नाजूक आहे. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशींकडून आलेले संदेश दृष्टिपटलातच दोन वाटांना लागतात: एक एकूण उजेड-अंधाराची, दुसरी लाल विरुद्ध हिरवा आणि निळा विरुद्ध पिवळा अशा फरकांची. उजेडाची वाट जलद असते, रंगाची मंद. लाल आणि हिरवा प्रकाश तेजाने तंतोतंत सारखे करून आलटून पालटून दाखवले, तर सेकंदाला पंधरा-वीस बदलांच्या पुढे डोळ्याला ते एकजीव दिसू लागतात. उजेड-अंधाराचा लुकलुकाट मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट गतीपर्यंत जाणवत राहतो. मेंदूच्या आलेखातही हा भेद उतरतो. केवळ तेज बदलणाऱ्या पट्ट्या समोर आल्या की डोक्याच्या मागच्या भागात आधी धन लहर उठते. तेज तेच ठेवून फक्त रंग बदलणाऱ्या पट्ट्यांना ऋण लहर, आणि तीही थोडी उशिरा. १९७० च्या दशकात या उत्तरावरून रंगांधळेपणा ओळखण्याचे प्रयोग झाले. माणसाला काय दिसते हे न विचारता त्याचा मेंदूच ते सांगत होता. रंगाच्या या विजेची ताकद जगाला कळली ती १६ डिसेंबर १९९७ रोजी. जपानी दूरचित्रवाणीवर ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल आणि निळ्या रंगांचा लखलखाट सेकंदाला सुमारे बारा वेळा काही सेकंद झाला, आणि सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतल्या पुष्कळांना त्याआधी कधीच झटका आलेला नव्हता.

हे सर्व मनाशी ठेवून आता १९५० च्या दशकातल्या भारतात परत येऊ. या प्रयोगांना एक पूर्वपीठिका आहे. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई हृदयाचा आलेख काढणारे यंत्र घेऊन भारतात आल्या होत्या आणि योगी हृदय जवळपास थांबवू शकतो, असे त्यांच्या नोंदींवरून वाटले होते. १९५५ मध्ये एन. एन. दास आणि फ्रान्सचे अपस्मारतज्ज्ञ आंरी गास्तो यांनी कलकत्त्यातील योग्यांचे ईईजी प्रसिद्ध केले. समाधीच्या वेळी त्यांना जलद आणि मोठ्या लहरी दिसल्या. त्यानंतर, १९५७ मध्ये, आले बसू कुमार बागची आणि मॅरियन वेंगर. बागचींचे चरित्र स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचे आहे. परमहंस योगानंदांचे ते बालमित्र. स्वामी धीरानंद या नावाने लॉस एंजेलिसच्या आश्रमात त्यांनी काही वर्षे काम केले. १९२९ मध्ये ते तेथून वेगळे झाले, आयोवा विद्यापीठात मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मिशिगन विद्यापीठात ईईजीचे नामवंत तज्ज्ञ झाले. भगवी वस्त्रे उतरवून यंत्र हाती घेतलेला हा बंगाली माणूस आणि भगव्या वस्त्रांतच यंत्र वापरणारे कुवलयानंद यांची लोणावळ्यात पडलेली गाठ मला या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. बागची आणि वेंगर यांना ध्यानात चमत्कारिक लहरी सापडल्या नाहीत. सापडली ती नेहमीचीच अल्फा, थोडी अधिक भरदार; शरीर खोल विश्रांतीत, पण झोप किंवा गुंगी नाही.

मग १९६१. एम्समध्ये शरीरक्रियाविज्ञान विभाग उभा करणारे बाळकृष्ण आनंद, जी. एस. छिना आणि मज्जाविकारतज्ज्ञ बलदेव सिंग यांनी समाधीचा अभ्यास असलेल्या चार योग्यांचे आलेख प्रसिद्ध केले. प्रयोगात तीव्र प्रकाश होता, धडाम आवाज होता, तापलेल्या काचनळीचा स्पर्श होता, कंपित सूरकाट्याचा स्पर्श होता. योगी ध्यानात नसताना यांतल्या प्रत्येक गोष्टीने त्यांची अल्फा मोडली. ध्यानात असताना कशानेही मोडली नाही. दुसऱ्या दोन योग्यांनी ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात ठेवला आणि त्यांचीही अल्फा टिकून राहिली. निबंध अवघा चार-पाच पानांचा, भाषा संयत. पण त्यातून जनमानसात गेले ते वाक्य असे: समाधीत योग्याच्या मेंदूपर्यंत बाहेरचे जग पोहोचतच नाही, विज्ञानाने हे सिद्ध केले आहे. व्याख्यानांत, पुस्तकांत, योगवर्गांच्या माहितीपत्रकांत हा दावा पन्नास वर्षांहून अधिक काळ फिरतो आहे.

आलेखाने हे म्हटलेले नाही. एड्रियन यांच्या निकषाने पाहिले तर अल्फा न मोडणे म्हणजे योग्याने पाहण्याची धडपड केली नाही, इतकेच. उजेड मेंदूत शिरला की नाही, हा प्रश्नच अल्फाला विचारता येत नाही. शिवाय योग्याचे डोळे मिटलेले होते असे धरले, तर पापण्यांचा विचार करायला हवा. पापणी काही काळा पडदा नाही. तिच्यातून निळा-हिरवा प्रकाश जवळपास अडतो, तांबडा मात्र बऱ्यापैकी आत येतो, म्हणून उन्हात डोळे मिटले की सगळे लालसर दिसते. तेव्हा प्रयोगशाळेतला तो तीव्र प्रकाश दृष्टिपटलावर पोहोचताना तांबूस, पसरट आणि कोणताही आकार नसलेला झालेला असणार. म्हणजे नेमका तोच उजेड, ज्यात पाहण्याजोगे काहीच नसल्याने एड्रियन यांच्या उघड्या डोळ्यांमागेही अल्फा परतत होती. सामान्य माणूस अशा उजेडाने दचकतो आणि दचकल्यामुळे त्याची अल्फा मोडते. योगी दचकला नाही. ही खरोखरच नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे, आणि त्याच योग्यांची अल्फा ध्यानाबाहेर मोडत होती म्हणून तिचे श्रेय ध्यानालाच जाते. पण दचकणे टळणे वेगळे आणि उजेडाचा संदेश मेंदूच्या दारातच अडवला जाणे वेगळे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आजच्या ज्ञानाने साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या लोकांना दोष देणे अन्यायाचे आहे. दोष मी त्यांना देतच नाही. सरासरी काढणारी यंत्रे १९६० च्या सुमारास कुठे प्रयोगशाळांत दिसू लागली होती; दिल्लीत किंवा लोणावळ्यात तेव्हा ती नसणे स्वाभाविकच. मात्र एड्रियन आणि मॅथ्यूज यांचा निबंध १९३४ पासून उपलब्ध होता, आणि पुढे अर्धशतकभर तो दावा करत राहिलेल्यांना तो वाचायला कोणी अडवले नव्हते. शिवाय याच गटाने स्वतः उत्तम धडा घालून दिला होता. वेंगर, बागची आणि आनंद यांनी १९६१ मध्येच हृदय थांबवण्याच्या दाव्याची तपासणी केली. चार जण तपासले, त्यांपैकी एक लोणावळ्याचा. श्वास कोंडून आणि छाती-पोटाचे स्नायू आवळून छातीतला दाब वाढवला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, नाडी बोटांना लागेनाशी होते, स्टेथोस्कोपमध्ये ठोके स्नायूंच्या आवाजात बुडतात. विद्युतआलेखावर मात्र हृदयाचे आकुंचन चालूच होते. नाडी न लागणे म्हणजे हृदय थांबणे नव्हे, हे त्यांनी अधिक नेमके यंत्र वापरून दाखवले. अल्फा न मोडणे म्हणजे उजेड न पोहोचणे नव्हे, हे त्याच जातीचे विधान आहे. फक्त ते करायला लागणारे यंत्र त्यांच्या हाती नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या वाचनाने योगाचे मोल कमी होते, असे काहींना वाटेल. मला उलट वाटते. पतंजलींच्या योगसूत्रांत प्रत्याहाराची जी कल्पना आहे ती इंद्रिये बंद पडण्याची नाही. इंद्रियांनी आपल्या विषयांमागे धावणे सोडून चित्ताच्या मागे जाण्याची आहे. कान ऐकेनासे होतात किंवा डोळे आंधळे होतात, असे तेथे म्हटलेले नाही. उजेड येतो, पण त्याच्याकडे ओढ घेतली जात नाही. एड्रियन यांच्या अंधाऱ्या खोलीतल्या माणसाची स्थिती याच्या बरोबर उलटी: उजेड नाही, पण ओढ आहे, म्हणून अल्फा गेली. दिल्लीचे आलेख नीट वाचले तर ते या जुन्या आणि सूक्ष्म कल्पनेच्या जवळ जातात, आणि मेंदूचे दार बंद झाल्याच्या लोकप्रिय दाव्यापासून दूर. योगाविषयी आस्था असणाऱ्याने पहिल्या अर्थाला धरावे, कारण तो परंपरेतही बसतो आणि आलेखातही.

तिसरा आक्षेप संख्येचा. चार योग्यांवरून काय सिद्ध होणार? फारसे नाही, आणि पुढच्या प्रयोगांनी हे दाखवून दिले. १९६६ मध्ये जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांवर ठरावीक अंतराने टकटक असा आवाज वाजवून पाहिला. सामान्य माणसाची अल्फा थोड्या वेळाने मोडायची थांबते, कारण त्याला सवय होते. मुरलेल्या साधकांची मात्र प्रत्येक टकटकीला तेवढीच मोडत राहिली. योगी जगापासून अलग झालेला आणि झेन साधक प्रत्येक क्षणाला नवा, असे सुंदर जोडचित्र त्यावरून रंगले. १९८१ मध्ये अमेरिकेत बेकर आणि शापिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान करणारे अनुभवी साधक व ध्यान न करणारे लोक यांचे गट करून तसाच प्रयोग केला. अल्फा मोडण्यात आणि सवय होण्यात त्यांना गटागटांत फरक आढळला नाही. यावर सांगितले जाते की ते साधक खऱ्या अर्थाने सिद्ध नव्हते. खरा योगी प्रयोगशाळेत येतच नाही. पण मग १९६१ च्या चौघांचा पुरावाही सोडावा लागेल, कारण तेही प्रयोगशाळेतच आले होते. अनुकूल निकालाला विज्ञान म्हणायचे आणि प्रतिकूल निकालाला अपात्र साधक म्हणायचे, ही पद्धत कुवलयानंदांनी मान्य केली नसती. त्यांच्या ‘योगमीमांसे’त दाबाचे आकडे छापलेले असत, त्यामागे हाच विचार होता की दुसऱ्या कोणालाही ते पुन्हा मोजता यावेत.

कुवलयानंद १९६६ मध्ये गेले. त्यांच्या पद्धतीचे सर्वांत भक्कम फळ मेंदूच्या लहरींत आले नाही, ते रक्तदाबात आले. १९६९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी शवासनाने रक्तदाब कमी होतो का, हे ४७ रुग्णांवर तपासून प्रसिद्ध केले, आणि लेखकांत कैवल्यधामचे डॉ. एस. एल. विनेकर होते. तेथे विचारलेला प्रश्न आणि वापरलेले मापक एकमेकांना जुळत होते. मेंदूच्या बाबतीत तशी जुळणी पुढे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये दिसते. तेथे टी. देसिराजू आणि शर्ली टेलिस यांनी १९९० च्या दशकात ‘ओम्’चे ध्यान करणाऱ्यांवर अल्फाऐवजी सरासरीचीच पद्धत वापरली, प्रकाशाऐवजी आवाज दिला, आणि आवाजाचा संदेश मेंदूत चढत असताना ध्यानामुळे कोणत्या टप्प्यावरची लहर बदलते ते मोजले. हेच उजेडाच्या बाबतीत करायचे तर मिटल्या पापण्यांवर तांबडे आणि निळे झोत वेगवेगळे टाकून, पापणीतून जाताना होणारी घट आधी मोजून, ध्यानात आणि ध्यानाबाहेर एकाच माणसाची सरासरी शेजारी शेजारी ठेवावी लागेल. शंभर मिलिसेकंदांच्या आसपासची लहर दोन्ही वेळा तशीच उमटली, तर उजेड पोहोचतो आहे. त्यानंतरच्या, लक्ष दिल्याने वाढणाऱ्या लहरी ध्यानात खाली बसल्या, तर योगी त्याच्याकडे वळत नाही आहे. दोन्ही एकाच आलेखात, एकाच बैठकीत वाचता येतील.